चाळीस पावलांची रायफल

श्रीपाद चौबळला घरात कुणी काही विकत आणायला पाठवत नसे. तीन वर्षांपूर्वी तो छताचा पंखा आणायला म्हणून बाहेर पडला होता आणि सहा दुकानांतल्या पंख्यांच्या पात्यांचे कोन वहीत टिपून रिकाम्या हाताने परत आला होता. त्या वर्षीचा उन्हाळा चौबळ कुटुंबाने वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत काढला. शेवटी त्याच्या बायकोने, पद्मजाने, ती शिकवायची त्या शाळेतून येता येता, समोर दिसला तो पंखा उचलून आणला. तो आजही फिरतो आहे. श्रीपादच्या मते थोडा डावीकडे झुकून.

यात त्याचा तसा दोष नव्हता. अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात तो तपासणी अधिकारी होता. यंत्रातून निघालेला सुटा भाग शतांश मिलिमीटरने जरी चुकला, तरी तो बाजूला काढायचा, हे काम त्याने अठरा वर्षं केलं होतं. घरी येताना माणूस मापाचं व्हर्निअर खिशातून काढून ठेवतो, डोक्यातून कसं काढणार?

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत जेव्हा त्याच्या नावाचा रायफलचा परवाना आला, तेव्हा पद्मजाने पाकीट त्याच्या हातात देत विचारलं, "मुदत किती आहे?"

"तीन महिने. तेवढ्यात हत्यार विकत घेऊन नोंद करायची. नाहीतर परवाना रद्द."

"म्हणजे गेला म्हणायचा," पद्मजा म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

परवाना काढण्याचं कारण होतं बारवी धरणाच्या बाजूची तीन एकर भातशेती. ती श्रीपादच्या वडिलांची, विष्णुपंतांची. विष्णुपंत जाऊन सात वर्षं झाली होती. ठाकूरवाडीतला वाळू ती अर्धेलीने कसत होता, आणि त्याच्या आधी त्याचा बाप देऊ. गेली तीन वर्षं दाणा भरायच्या वेळेस रानडुकरं शेतात शिरत आणि नांगरल्यासारखं सगळं उलथून टाकत. डबे वाजवून झाले, जुन्या साड्यांचं कुंपण करून झालं. अखेर वाळूनेच विषय काढला. जंगल खात्याने शेतात शिरणारी दोन डुकरं मारायची परवानगी दिली, आणि चौदा महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर परवानाही मिळाला.

आता फक्त रायफल घ्यायची होती.

श्रीपादने पहिले तीन आठवडे वहीत घालवले. कुणाकुणाकडून त्याने जुने इंग्रजी कॅटलॉग मिळवले, त्यांची पानं सुटी झाली होती. कुठल्या काडतुसाची गोळी शंभर यार्डांवर किती खाली जाते, दोनशेवर किती, वारा असेल तर किती, याचे तक्ते त्याने आखले. रात्री जेवताना तो वरणभाताकडे बघत म्हणायचा, "तीनशे यार्डांवर सव्वा फुटाचा फरक पडतो."

"आपलं शेत केवढं आहे?" पद्मजाने एकदा विचारलं.

"तो प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. तत्त्वाला अजून थोडं वरण वाढू?"

चौथ्या आठवड्यात तो शहाड स्टेशनजवळच्या हासानंदच्या दुकानात गेला. हासानंद हा बंदुकांचा परवानाधारक सिंधी व्यापारी, साठीचा, गोल चेहऱ्याचा. उल्हासनगरात कापडाच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या गर्दीत त्याचं दुकान लोखंडी जाळीमागे थंडगार आणि अर्ध्या अंधारात असायचं. तो स्वतः शाकाहारी होता आणि मुंगीलासुद्धा वाट करून द्यायचा, पण गोळीबद्दल त्याच्याइतकं कळणारा माणूस त्या पट्ट्यात नव्हता.

श्रीपादने वही उघडली. हासानंदने ती सगळी शांतपणे ऐकून घेतली.

"साईं, बहुत अच्छा लिखा है," तो म्हणाला. "पण तुमी उलटा चालला. तुमी बंदूक बघते. पहले गोली बघा. गोली कुठली मिळते, किती मिळते, उद्या मिळेल का. मग त्या गोलीला बंदूक शोधा."

श्रीपादला ते पटलं, असं त्याने तोंडाने सांगितलं. पण तोवर त्याची नजर जाळीमागच्या एका विलायती रायफलवर गेली होती. सात मिलिमीटरची, पन्नास वर्षांपूर्वीची, कुठल्याशा चहामळ्याच्या साहेबाकडून फिरत फिरत इथवर आलेली. अक्रोडाचं लाकूड, त्यावर मधासारख्या रेषा. त्याने ती खांद्याला लावली आणि ती त्याच्या गालाला अशी बसली, की जणू माप देऊन शिवली होती. खटका काचेची काडी मोडावी तसा सुटत होता.

"हिची काडतुसं?"

"ते विचारू नका," हासानंद म्हणाला. "सरकारी फॅक्टरी ती बनवत नाही. बाहेरून येणं बंद. माझ्याकडे जुनी एकवीस आहेत. दोन कंपन्यांची. एकवीस उडाली, की मग हिला भिंतीला लावा, अगरबत्ती ओवाळा."

"आणि दुसरी कुठली?"

हासानंदने तीनशे पंधरा बोअरच्या दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. देशी सरकारी कारखान्याच्या, जाडजूड, कोऱ्या, काळपट लाकडाच्या. विलायतीशेजारी त्या लग्नाला आलेल्या दोन पोलिसांसारख्या दिसत होत्या. "हिची गोली देशातच बनते. कोट्याप्रमाणे दर साल मिळेल. ताजी."

श्रीपादने मान हलवली आणि पुन्हा अक्रोडावरून हात फिरवला. त्यानंतर पाच शनिवार तो तिथे जाऊन तसाच हात फिरवून येत राहिला. हासानंद चहा पाजायचा. सहाव्या शनिवारी त्याने विचारलं, "साईं, तुमच्या बायकोला माहीत आहे का, हे तुमचं चाललंय ते?"

सप्टेंबरमध्ये वाळू अंबरनाथला घरी आला. पिशवीत करटुली आणि अळूची पानं होती. तो दारात चप्पल काढून ओट्यापाशी बसला. पद्मजाने चहा दिला.

"सायेब, भात पोटरीला आलाय," तो म्हणाला. "डुकरां वास काढून गेली. तुमची बंदूक कवा येतेय?"

श्रीपादने त्याला गोळीची घसरण समजावून सांगितली. वाळूने बशीतला चहा संपेपर्यंत सगळं ऐकलं.

"बाबा बोलतो, छोट्या सायबाला सांग, डुकराला दिसतं कमी," तो म्हणाला. "जवळ जावा आणि मारा. एवढा इचार नको."

"देऊ असं म्हणतो?" श्रीपादच्या तोंडून निघालं आणि त्याने वही मिटली.

वाळू गेल्यावर पद्मजाने टोमणा मारायला तोंड उघडलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने मोरी धुवायला घेतली. थोड्या वेळाने तोच बोलला.

"देऊचा पाय कसा गेला, तुला सांगितलंय ना?"

तिला अर्धवट माहीत होतं. श्रीपाद दहा वर्षांचा असताना विष्णुपंतांनी त्याच शेताच्या कडेला एका डुकरावर दुनळी झाडली होती. गोळी लागली, पण नीट लागली नाही. जखमी डुकराने देऊची मांडी फाडली. बैलगाडीतून बदलापूर, तिथून कल्याणचा दवाखाना. देऊ जगला, पण पाय कायमचा आखडला. विष्णुपंतांनी बंदूक विकून टाकली. त्यानंतर शिकारीच्या गप्पा निघाल्या, की ते एकच वाक्य बोलायचे, कच्च्या नेमाने मी एक माणूस लंगडा केला, आणि उठून जायचे.

"मला ती गोळी जिथे बघतोय तिथेच जाणारी हवी आहे, पद्मजा," श्रीपाद म्हणाला. "एक बोटसुद्धा इकडेतिकडे नको. वहीबिही सगळं त्यासाठी आहे."

पद्मजाने हात पुसले. "मग तसं हासानंदला सांगा ना. तो बिचारा समजतोय, तुम्ही त्या लाकडाच्या प्रेमात पडलात."

"थोडासा पडलोय," श्रीपादने कबूल केलं.

"मग गोळी झाडून बघा एकदा. तुमच्या कारखान्यात माल दिसायला छान आहे म्हणून पास करता का?"

हे आपल्यालाच सुचायला हवं होतं, हे त्याला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याने हासानंदला सगळं सांगितलं, पायासकट. हासानंदने पुढच्या रविवारी सकाळी ओळखीच्या एका रायफल क्लबची रेंज ठरवली. तो स्वतः तिन्ही रायफली घेऊन आला, कानात कापूस घालून, जिलबीचा पुडा घेऊन.

श्रीपादने तयारी कसोशीने केली होती. रायफल टेकवायला पुढे रेतीची पिशवी, मागे रेतीची पिशवी, शंभर यार्डांवर पांढरा कागद. पाच गोळ्या झाडायच्या, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग पुढच्या पाच.

आधी विलायती. पहिल्या कंपनीच्या पाच गोळ्यांची पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. श्रीपादने कागद छातीशी धरला. हासानंदने दुसऱ्या कंपनीचा पुडा पुढे सरकवला. त्यातली पहिली गोळी वीतभर डावीकडे गेली. दुसरी तिच्या खाली. तिसरं काडतूस उडालंच नाही. चौथी आणि पाचवी कागदावर कुठे लागल्या, ते दोघांनाही बराच वेळ सापडलं नाही.

"रायफल तीच," हासानंद म्हणाला. "माणूस तोच. साईं, बंदूक अचूक नसते. बंदूक आणि गोली यांचं लग्न अचूक असतं. आता हिच्या लायकीची राहिली सहा. त्यातली पाच तुमी नेम बसवायला घालवणार. डुकरासाठी एक."

श्रीपाद बराच वेळ त्या नाण्याएवढ्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने रायफल पुसून, स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली. हासानंदने दुसरीकडे बघितलं आणि जिलबीचा पुडा सोडला.

देशी रायफलींची पाळी आल्यावर मात्र श्रीपाद तपासणी अधिकाऱ्याच्या चालीवर आला. झाडायच्या आधीच त्याने वहीच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि नळी व लाकूड यांच्यामधून सरकवली. पहिल्या रायफलीत ती एका बाजूला अडकली. दुसरीत मागपर्यंत सुळकन गेली.

"हे कशाला?" हासानंदने विचारलं.

"लाकूड एका बाजूने दाबत असेल, तर नळी तापल्यावर गोळी त्या अंगाला सरकेल."

झालंही तसंच. पहिलीच्या पाच गोळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे चढत गेल्या. दुसरीच्या पाच बशीएवढ्या जागेत बसल्या. चाळीस वर्षं बंदुका विकणाऱ्या हासानंदने ती पट्टी मागून घेतली आणि खिशात घातली.

"बशी मोठी होते," श्रीपाद म्हणाला. "या काडतुसांचा लॉट नंबर काय आहे? दुसरा लॉट आहे का?"

दुसरा होता. त्याच कारखान्याचा, तीच गोळी, फक्त वेगळ्या महिन्यात भरलेली. त्या लॉटच्या पाच गोळ्या आमटीच्या वाटीखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ आल्या. श्रीपादने आणखी पाच झाडल्या. पुन्हा वाटी. व्हर्निअर लावून त्याने आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाला, "ही रायफल, आणि याच लॉटची काडतुसं. माझ्या कोट्यात बसतील तेवढी सगळी. एकही दुसऱ्या लॉटचं देऊ नका."

"आणि ती?" हासानंदने पेटीकडे हनुवटी केली.

"तिला अगरबत्ती तुम्हीच ओवाळा."

परवान्याची मुदत संपायला नऊ दिवस होते. पद्मजाने रायफल बघितली, उचलून बघितली, खाली ठेवली.

"दिसायला काही खास नाही," ती म्हणाली.

"नाहीच आहे."

"मग कशी काय घेतलीत?" ती हसली. "चला, सुधारताय."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात श्रीपाद चार दिवसांची रजा टाकून वाडीत गेला. वाळूने बांधावर, जांभळाच्या झाडाला टेकून, कमरेएवढा माळा बांधला होता. डुकरं पहाटे फटफटायच्या सुमारास ओढ्याच्या बाजूने येत आणि ऊन पडायच्या आत परत जात. श्रीपादने आधी माळ्यापासून ती शिरायची जागा पावलांनी मोजली. चाळीस भरली. त्याने पुन्हा मोजली. चाळीसच.

वाळू बाजूला उभा राहून बघत होता. "तीनशे यार्ड नाय भरत ना सायेब?" त्याने अगदी साध्या चेहऱ्याने विचारलं.

"नाही भरत," श्रीपाद म्हणाला. मनात त्याने हिशेब केला, शंभर यार्डांवर वाटी म्हणजे इथे लिंबू. लिंबू चालेल.

पहिल्या दिवशी उजाडताना तीन डुकरं आली. सर्वांत मोठा नर आडवा उभा राहिला. श्रीपादने खांद्यामागची जागा धरली. बोट खटक्यावर होतं. त्याच वेळी नराच्या मागे, ओढ्यापलीकडच्या पायवाटेवर, डोक्यावर हंडा घेऊन कुणीतरी बाई चालत आली. श्रीपादने बोट काढलं. वाळूने त्याच्या गुडघ्याला हळूच ढोसलं, एकदा, दोनदा. श्रीपाद हलला नाही. बाई गेली, तोवर डुकरंही गेली होती.

"गयाबाई होती," वाळू उतरताना म्हणाला. "तिला तर काय लागली नसती. लांब होती."

"गोळी डुकरातून आरपार गेली तर ती कुठे थांबेल, ते मला माहीत नाही," श्रीपाद म्हणाला. "आजच माळा तिकडच्या बांधावर हलवू. अंतर तेवढंच राहील, आणि मागे टेकडीची माती येईल."

माळा हलवताना वाळूने टेकडीकडे दोनतीनदा बघितलं आणि स्वतःहूनच एक फांदी तोडली, जी आड येत होती.

दुसऱ्या दिवशी नर एकटाच आला. त्याला यायला उशीर झाला होता, उजेड चांगला पडला होता. भातात तोंड घालून तो लोंब्या चघळत होता आणि त्याचा आवाज माळ्यापर्यंत येत होता. मागे लाल माती. श्रीपादने श्वास अर्धा सोडला. आवाज झाला, टेकडीवरून बगळे उठले, आणि नर उभा होता तिथेच बसल्यासारखा खाली गेला. पाय दोनदा हलले. मग काही नाही.

श्रीपादने दुसरी गोळी भरून अर्धा तास वाट पाहिली. वाळूला त्याने खाली उतरू दिलं नाही.

आवाजाने वाडी गोळा झाली. म्हातारा देऊ काठीवर रेलत सगळ्यांत शेवटी पोचला. त्याने वाकून डुकराच्या खांद्यामागचं भोक बघितलं, त्यात करंगळीचं टोक घालून बघितलं.

"एवढाच?" तो म्हणाला. "तीन मयने इचार केला तो एवढ्या भोकाचा?"

सगळे हसले. श्रीपादही हसला. मग वाळूची बायको सोनी सुरा घेऊन आली, तेव्हा त्याला सांगावं लागलं, की कुणी हात लावायचा नाही. परवानगीत तसं लिहिलं होतं, जंगल खात्याचा माणूस येईल, पंचनामा करील आणि डुक्कर पुरून टाकायचं. वाडीवर अवकळा पसरली. सोनीने सुरा पदराने पुसला आणि श्रीपादकडे अशा नजरेने बघितलं, की याच्यापेक्षा डुकरं बरी होती. वाळूला वनरक्षकाला बोलवायला पाठवलं.

देऊ तिथेच बांधावर पाय लांब करून बसला. श्रीपाद त्याच्या शेजारी बसला.

"तुझा बा असाच बोलला होता," देऊ म्हणाला. "कुणी जायचा नाय. अर्धा तास थांबायचा."

श्रीपादने मान वर केली. "कधी?"

"त्या दिशी. डुकर करवंदीच्या जाळीत शिरला. तुझा बा बोलला, देऊ, थांब. मी बोललो हो. आणि मागच्या अंगानं शिरलो. वरच्या वाडीची पोरां आवाज ऐकून धावत येत होती, मला वाटला ती पळवतील डुकर."

"बाबांना माहीत होतं?"

"ठावं नसायला काय झाला? त्यानंच बाहेर ओढला मला."

"मग ते जन्मभर म्हणायचे, माझ्या कच्च्या नेमाने..."

"बोलायचा. मी पन बोललो त्याला, साहेब, मीच शिरलो. तर बोलला, डुकर जागीच पडला असता तर तू शिरलाच नसतास." देऊने काठीने मातीत रेघ ओढली. "ते बी खरा हाय. मग मी काय बोलू?"

"मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

देऊने त्याच्याकडे तिरकं बघितलं. "दर दिवाळीला तुझा बा एक धोतर पाठवायचा. मग तू पाठवाया लागलास. सांगितला असता आणि धोतर बंद झाला असता तर?"

श्रीपादला हसू आलं. त्याला बाबांचं ते जेवताना मधेच उठून जाणं आठवलं. इतके दिवस तो समजत होता, की बाबांचा नेम चुकला, आणि आपला चुकू नये म्हणून त्याने वह्या भरल्या होत्या. आता कळत होतं, की त्या दिवशी गोळीपेक्षा माणसंच जास्त चुकली होती, आणि दोघांनी एकमेकांचं झाकून घेतलं होतं. देऊने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हात फार जड होता.

वनरक्षक दुपारी सायकलवरून आला. झाडलेल्या गोळ्या किती, असं त्याने विचारलं आणि एक असं ऐकल्यावर त्याने पुन्हा विचारलं. खड्डा वाडीनेच खणला, चार हात खोल, कारण वनरक्षक काठी घालून बघत होता. "सायबाची गोळी बरी," देऊ म्हणाला, "पन सरकारचा खड्डा लई अचूक."

त्या हंगामात डुकरं पुन्हा त्या शेतात शिरली नाहीत. दुसऱ्या डुकराची परवानगी तशीच राहिली. कापणीला श्रीपादने पद्मजालाही नेलं, ती वाडीत पहिल्यांदाच जात होती. सोनीने तिच्या हातात विळा दिला आणि ती कशी कापते ते बघायला चार बायका कामं टाकून उभ्या राहिल्या. पद्मजाने पहिली पेंढी कापली, ती हातातून सुटून चिखलात पडली. बायका खुदखुदल्या. दुसरी जमली. बांधावर देऊ नवं धोतर नेसून बसला होता आणि श्रीपाद त्याच्याशेजारी बसून त्याला त्याच्या काठीचं टोक एका बाजूने जास्त का झिजतं, ते समजावून सांगत होता. देऊ मान हलवत ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला झोप लागली, तरी श्रीपाद सांगतच राहिला.